टिचबटणाची बनियान

मी बनियान बोलतेय. हसलात ना? हसा, मला सवय आहे. शाळेत मुलं फाटक्या पुस्तकाचं मनोगत लिहितात, पडक्या किल्ल्याचं लिहितात. बनियानीचं मनोगत लिहा म्हटलं, तर अख्खा वर्ग बाकावर डोकं टेकून खिदळेल. चारचौघांत माझं नाव घ्यायलाही लोक लाजतात. दारात पाहुणा आला की घरातला पुरुष आधी शर्ट शोधायला धावतो, जणू माझ्यात असणं म्हणजे उघडं असणंच.

पण माणसाच्या छातीला सगळ्यांत जवळ मीच असते. घाम आधी मला कळतो, शर्टाला मागून. धडधड वाढली तर तीही मलाच आधी कळते. म्हणून म्हणते, थोडं ऐकून घ्या. पुढे सांगायला मी राहणार नाही.

मी कापसाची लेक. नांदुऱ्याच्या बाजारात येणारा कापूस सरकी काढायला जिनिंगमध्ये जातो, त्याच्या गाठी बांधतात आणि त्या दूर दक्षिणेत रवाना होतात. तिथे त्याचं सूत होतं, विणलं जातं, बेतलं जातं, शिवलं जातं आणि खोक्यात बसून ते पुन्हा नांदुऱ्याच्याच दुकानात येतं. मी नेमकी इथल्याच कापसाची, असं छातीठोकपणे सांगत नाही. कापसाला त्याचं शेत कोण विचारतं? पण दुकानाच्या फळीवरून रस्त्यावरचं ते पांढरंफेक ऊन पाहिलं, तेव्हा मला परक्या ठिकाणी आल्यासारखं वाटलं नाही एवढं खरं.

मला विकत घेतलं वंदनाने, नवऱ्यासाठी. नवऱ्याचं नाव भागवत. वरवट बकालकडच्या एका शाळेत तो मराठी शिकवायचा, रोज नांदुऱ्याहून मोटारसायकलवर जायचा. घरात त्याची आई सोजराबाई आणि चौथीतली मुलगी आरोही. एवढंच घर. मागे न्हाणीजवळ अंगण आणि अंगणात कपडे वाळत घालायची नायलॉनची निळी दोरी. माझं निम्मं आयुष्य भागवतच्या अंगावर गेलं, निम्मं त्या दोरीवर.

भागवतला एक खोड होती. जेवताना शब्दाचं गाव विचारायचं. भाकरी कुठून आली, कपबशी कुठून आली, पाटलोण कुठून आली. पोरीलाही त्याने तीच खोड लावली. एका रविवारी तो माझ्यातच खाटेवर बसून चहा पीत होता, तेव्हा आरोहीने माझ्या काठाला बोट लावून विचारलं, "बाबा, हे कोणत्या गावचं?"

भागवतने कप खाली ठेवला. असा प्रश्न आला की त्याला चहापेक्षा गोड लागायचं.

"आपल्या कोपऱ्यावरचा वाणी आहे ना," तो म्हणाला, "तो अन् माही बनियान एकाच घरचे."

"काहीही!"

"खरं सांगून राह्यलो. पह्यले गुजरातेतले व्यापारी जहाजात बसून लांब लांब जात. त्यायले तिकडं वाणिया म्हणत. गोऱ्या लोकायले तसं म्हणता येईना, त्यायनं केलं बनियान. वडाच्या झाडाखाली हे व्यापारी दुकान मांडून बसत, तं इंग्रजीत वडालेही तेच नाव पडलं. अन् यायच्या अंगात राहे पातळ, ढगळ सुती कपडा. साहेब लोक जाड्या कोटात उकडून निघत. त्यायनं तो कपडा उचलला, अन् नाव ठेवलं घालणाऱ्याचं. मंग तो कपडा आखूड होत गेला, सदऱ्याच्या आत गेला, अन् आपल्याकडं परत आला बनियान होऊन."

"म्या तं याले गंजीफराकच म्हणतो," भाजी निवडता निवडता सोजराबाई म्हणाली.

"त्याचं गाव अजून वेगळं, आई. ते उद्याच्याले."

आरोहीला मात्र वेगळीच काळजी. "मंग तो शब्द परत आला तवा वाण्यानं ओळखलं का त्याले?"

भागवतने मान हलवली. "नाही ना. घरचं पोरगं लई वर्षांनी आलं, अन् पाहुण्यावानी दारात उभं राह्यलं. कोणीच ओळखलं नाही."

आरोहीचा चेहरा एवढासा झाला. त्या शब्दाची तिला दयाच आली. मला मात्र त्या दिवशी कोण आनंद झाला! मी काही ऐरीगैरी नव्हते. समुद्र ओलांडून आलेलं नाव होतं माझं. दोरीवर शेजारच्या टॉवेलाकडे मी दोन दिवस पाहिलंही नाही.

पुढे भागवतच्या पायांवर सूज येऊ लागली. चेहराही सकाळी सुजलेला. तो लहानाचा मोठा झाला ते गाव खारपाणपट्ट्यातलं, विहिरीचं पाणी तोंडात धरवत नाही असं. त्या भागात किडनीचं दुखणं नवं नाही, घरोघर कोणीतरी सापडतं. आपल्या घरातही ते येईल असं कोणालाच वाटलं नव्हतं, कधीच कोणाला वाटत नसतं. मग अकोल्याच्या दवाखान्याच्या फेऱ्या सुरू झाल्या. सकाळच्या गाडीने जायचं, डायलिसिसच्या यंत्राला लावून घ्यायचं, संध्याकाळी गळून घरी यायचं.

त्याच्या मानेपाशी, उजव्या बाजूला नळी बसवली. आता मला डोक्यातून घालता येईना. नळीला धक्का लागला की तो ओठ आवळायचा, आणि ओठ आवळलेले वंदनाला दिसू नयेत म्हणून मान फिरवायचा. वंदनाने ते पाहिलंच. तिने मला मांडीवर घेतलं आणि माझा उजवा खांदा कात्रीने कापला. मला दुखलं नाही. दुखणं काय ते मी त्याच्या छातीवरून रोज ऐकत होते, त्यापुढे हे काहीच नव्हतं.

कापलेल्या खांद्याला तिने पट्टी लावली आणि टिचबटणं शिवली, पोलक्याला लावतात तसली. घरात पांढरा दोरा संपला होता. आरोहीच्या शाळेच्या फ्रॉकचा निळा दोरा होता, तोच घेतला. आता खांदा उघडायचा, मला बाजूने अंगावर चढवायचं आणि बोटाने दाबायचं, टिच्. झालं. तशी माझी अजून एक जोडीदारीणही तिने बेतली. दवाखान्यातल्या नर्सबाईंनी आम्हाला पाहून दुसऱ्या पेशंटच्या बायकांना सांगितलं, असं शिवून आणा म्हणून. वंदना त्या दिवशी किती तरी दिवसांनी हसली.

आणि भागवतने तर त्याचा खेळच केला. यंत्रापाशी आडवा झाला की स्वतःच खांद्याचं बटण उघडायचा आणि म्हणायचा, "चला, वाण्याचं दुकान उघडलं!" घरी आला की, "दुकान बंद!" टिच्. आरोही दारातच वाट बघत उभी असायची, बंद करायला बोट तिचंच लागायचं.

कपाशीची वेचणी चालू होती त्या दिवसांत एका सकाळी दुकान उघडलंच नाही. त्या सकाळी त्याच्या अंगात माझी जोडीदारीण होती, मी अंगणात दोरीवर होते. मला आधी वंदनाचा आवाज ऐकू आला, मग सोजराबाईचा, मग घर माणसांनी भरलं. मी वाळून कडक झाले तरी मला काढायला कोणी आलं नाही. दिवसचे दिवस मी तिथेच होते.

दहाव्याच्या आदल्या दिवशी सोजराबाईने त्याचे सगळे कपडे काढायला लावले. शर्ट, पँट, स्वेटर, लग्नातला कोट, रुमालसुद्धा. चादरीत गाठोडं बांधायला घेतलं. येरळीच्या पुलाजवळ पूर्णा नदीत सोडायचं होतं. वंदना दाराला टेकून बघत होती. शेवटी न राहवून म्हणाली, "आई, एक शर्ट राहू द्या. तो चौकडीचा. एकच."

"नाई, पोरी. ठेवू नये."

"कोणाले दाखवणार नाही मी. पेटीत खाली ठेवीन."

"कपड्यात जीव अडकते त्याचा," सोजराबाई म्हणाली. तिचा आवाज दगडासारखा होता. "लई भोगलं त्यानं. आता पुढं जाऊ दे त्याले."

वंदनाला पटलं नाही, पण त्याचा जीव अडकेल म्हटल्यावर कोणती बायको हट्ट धरील? तिने स्वतःच्या हाताने तो चौकडीचा शर्ट गाठोड्यात घातला. आधी त्याच्या कॉलरला नाक लावलं, मग घातला.

मग सोजराबाई अंगणात आली. राहिलेलं एखादं कापड गोळा करायला आली असेल. दोरीवर मी होते. तिने मला काढलं, गाठोड्याकडे निघाली, आणि न्हाणीच्या भिंतीआड थांबली. किती वेळ थांबली कोण जाणे. मला तिने तोंडावर धरलं होतं, त्यामुळे मला तरी काही दिसत नव्हतं. नंतर तिने माझी टिचबटणं उसवली आणि कमरेच्या पानसुपारीच्या चंचीत टाकली. मग मला गळ्यापासून खालपर्यंत उभं फाडलं. टर्रकन आवाज झाला. फाडताना ती स्वतःशीच म्हणाली, "फडक्याले कोण कपडा म्हणते?"

अशी मी वाचले. देवाच्या कोनाड्यामागे घडी होऊन राहिले.

तुम्हाला खरं सांगते, फडकं होणं आमच्या जातीला नवीन नाही. बनियान विरली की ती मोटारसायकल पुसते, ट्यूबलाइट पुसते, ओट्यावर सांडलेलं उचलते. त्यात अपमान नाही. पण आमच्या त्या दशेत घालणारा माणूस जिवंत असतो, तोच आम्हाला फाडतो, तोच गाडी पुसतो. मी पुसत होते ते देव. सोजराबाई रोज सकाळी समई आणि टाक माझ्याने पुसायची. चिंचेचा आंबूस वास आणि समईची काजळी माझ्यात मुरली. पुसून झालं की इकडेतिकडे पाहून ती मला नाकाशी धरायची. तिथे आता भागवतचं काय उरलं होतं? चिंच होती, तेल होतं. तरी धरायची.

आणि लगेच घाबरायची. मला झटकल्यासारखं करायची. "जाय बापा, जाय भागवता," पुटपुटायची, "म्या धरून नाही ठेवलं तुले. फडकं आहे हे. जाय तू." आणि मला नीट घडी करून परत कोनाड्यामागे ठेवायची.

रोज हेच. ज्या भीतीने सुनेला एक शर्ट ठेवू दिला नाही, ती भीती तिची स्वतःची होती, खरीखुरी होती. लेकाचा जीव आपल्यापायी अडकलाय की काय, म्हणून ती रोज त्याला जायला सांगायची, आणि रोज मला ठेवायची. मला तिचा राग येत नव्हता. कीव यायची, आणि कधी कधी वाटायचं, हिने एकदा मोठ्याने रडावं. माझ्याइतकं कोरडं कापड तिला कुठे मिळणार होतं?

वंदना बिचारी रिकामं कपाट उघडून उभी राहायची. एकदा तर तिच्याही हातात आले मी. देवापुढचं दूध सांडलं, तिने घाईत मला ओढलं, दूध पुसलं, पिळलं आणि परत टाकलं. तिचीच बोटं, तिचाच निळा टाका, काजळीने काळा पडलेला. माझ्यावरून तिची नजरही सरकली नाही. मला तेव्हा भागवतचं बोलणं आठवलं. घरचं पोरगं आलं आणि कोणीच ओळखलं नाही.

वर्ष सरत आलं. वर्षश्राद्धाला पाहुणे येणार म्हणून वंदनाने घर आवरायला काढलं. सोजराबाई न्हाणीत होती. वंदनाने कोनाडा पुसायला घेतला, मागून मला काढलं, दोन बोटांच्या चिमटीत धरलं आणि नाक मुरडलं. इतक्यात रस्त्यावर घंटागाडीचं गाणं वाजलं. तिने मला कचऱ्याच्या डब्यात टाकलं आणि डबा गाडीत उलटा केला. कांद्याच्या सालांवर जाऊन पडले मी.

गाडी पुढे सरकली आणि मागून हाक आली, "थांब बे! ए संघपाल, थांब!"

सोजराबाई धावत येत होती. ओले केस मोकळे, पायात चप्पल नाही. असं तिला त्या गल्लीने कधी पाहिलं नव्हतं. तिने अंघोळीनंतर कोनाडा रिकामा पाहिला असणार. गाडीवरचा संघपाल गल्लीत रोज येणारा, ओळखीचा. त्याने गाडी थांबवली.

"काय झालं, आजी? सोनंनाणं पडलं का काई?"

"माह्यं फडकं."

"फडक्यासाठी पळून राह्यली?" तो हसला. मग त्याने तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. हाताने कचरा बाजूला करून त्याने मला शोधलं, झटकलं आणि दोन्ही हातांनी तिला दिलं.

वंदना फाटकात उभी होती. सोजराबाई मला छातीशी धरून परत आली, तेव्हा वंदनाने हात पुढे केला. सोजराबाईने आधी दिलं नाही. मग दिलं.

वंदनाने मला उलगडलं. वर्षभरात पहिल्यांदा कोणीतरी मला पूर्ण उलगडलं. तिचं बोट गळ्यावरून सरकत उजव्या खांद्यावर आलं आणि निळ्या दोऱ्यापाशी थांबलं. बटणं गेली होती, पट्टीचे टाके होते.

"तुम्ही मले एक शर्ट ठेवू देला नाही, आई."

"हाव."

"अन् सोताजवळ हे ठेवलं?"

"फडकं ठेवलं, पोरी." सोजराबाई पायरीवर बसली. पाय धुळीने भरले होते. "मले वाटलं, तुह्यापुढं सारा जलम पडला. कपाट उघडून रोज रडशीन. तुह्या डोयापुढून जावं सारं, तं तुले उभं राहता येईन. माह्यं काय, म्या त्याच्या मांगं जाणारच हाओ." मग ती एकदम वेगळ्याच आवाजात म्हणाली, लहान मुलीसारखी, "पण आता भेव वाटते मले, वंदना. वरीस होऊन राह्यलं. माह्यापायी तं अडकला नसन ना तो?"

आणि ती रडली. वर्षभर साठवलेलं सगळं. वंदनाचा राग तिच्या तोंडावर अजून होता, तो जायला वेळ लागला. पण ती सासूच्या शेजारी पायरीवर बसली. मी दोघींच्या मांडीवर पडले होते.

मग वंदना म्हणाली, "श्राद्धाच्या दिवशी येरळीले जाऊ. दोघी मिळून सोडू त्यायले. पण असं फाटकं घालून नाही पाठवणार मी."

तिने मला साबणात भिजवलं, चोळलं. काजळी निघाली तेवढी निघाली. दुपारी ती सुईदोरा घेऊन बसली आणि माझं फाटलेलं पोट वरून खाली शिवत आली. दोरा पुन्हा निळाच. आरोही शेजारी बसून सुईत दोरा ओवून देत होती.

"आई," ती हळूच म्हणाली, "बाबा म्हणे, परत आलेल्याले घरचे ओळखत नाहीत."

"ओळखतात, माय," वंदना म्हणाली. "वेळ लागते."

शिवता शिवता ती खांद्यापाशी आली. सोजराबाईने कमरेची चंची सोडली आणि तिच्यातून टिचबटणं काढून तळहातावर पुढे धरली. वर्षभर सुपारीच्या खांडांत राहून ती लालसर झाली होती.

"हे घे. ठेवलेत म्या."

वंदनाने बटणांकडे पाहिलं. "आता काऊन लागतात ती, आई? आता कुठं नळी आहे त्यायले?"

आणि तिने खांदा सरळ शिवून टाकला. धडधाकट माणसाच्या बनियानीचा असतो तसा. मग सोजराबाईचा तळहात तिने स्वतःच्या हाताने मिटला, बटणांसकट. "हे ठेवा तुमच्यापाशी. बटनात काई जीव अडकत नाही."

तर अशी मी पुन्हा बनियान झाले. पोटावरून निळी शिवण, जागोजागी न निघालेले डाग, पण बनियान. उद्या पूर्णेत जाईन. तुमच्याकडे एकच मागणं आहे. घरातलं कुठलंही जुनं फडकं टाकण्याआधी एकदा पूर्ण उलगडून बघा. कोणीतरी परत आलेलं असेल, आणि हाक मारायला त्याला तोंड नसेल.

सध्या मी त्याच निळ्या दोरीवर आहे. वंदनाने मला फडक्यासारखं टाकलेलं नाही, दोन्ही खांद्यांना चिमटे लावून टांगलं आहे. वारा आला की माझ्या पोटात हवा भरते, छाती फुगते, आणि लांबून वाटतं की मला कोणीतरी घातलंय. वंदना दारात बसली आहे, सोजराबाई पायरीवर. दोघी इकडेच बघताहेत. मी केव्हाचीच वाळले आहे. पण मला काढून घ्यायला दोघींपैकी कोणीच उठत नाही.